बत्तीस ओव्या

दिवेलागण झाली की अब्बा ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे, कमरेचा पट्टा सैल करायचे आणि मला हाक मारून विचारायचे, "सकीना, आज नया क्या देखी?" दुसऱ्यांचे बाप पोरांना पाढे विचारत, नमाजाच्या आयती म्हणायला लावत. आमच्याकडे हा एकच प्रश्न होता, आणि तो रोजचा होता. त्याचा नियमही अब्बांनीच घालून दिला होता : रोज होता सो छोड़, आज नवा हुआ सो बोल. मग मी सांगायची. लोहाराची भट्टी आज दुपारीच विझली होती. शिंप्याच्या ओट्यावर पांढऱ्या कापडाचा नवा तागा आलाय. मारुतीच्या पारावर एक माणूस बसला होता, त्याचे पाय धुळीचे होते पण टोपी कोरी होती. अब्बा डोळे मिटून ऐकायचे. गोष्ट पसंत पडली तर खिशातून खारीक काढून द्यायचे, नाही पडली तर म्हणायचे, "ये तो रोज का है." मला खारकेचा मोह होताच, पण त्याहून जास्त मोह होता तो त्यांनी डोळे उघडण्याचा. मी सांगितलेल्या एखाद्या गोष्टीवर त्यांचे डोळे उघडले की मला वाटायचं, आपण या ठाण्याचे दुसरे अमीन आहोत.

अब्बा निजाम सरकारच्या पोलिसात अमीन होते, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. ठाणं परभणीकडच्या झरीच्या पुढं एका मोठ्या गावात होतं. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण ज्या घराबद्दल लिहायचंय त्या घरातली नातवंडं-पतवंडं अजून तिथंच नांदतात. आम्ही हैदराबादहून बदलीवर आलो तेव्हा अम्मीला मराठीचा एक शब्द येत नव्हता आणि अब्बांना येत होते ते सगळे शब्द दरडावण्याचे होते. त्या साली सगळा मुलूखच तापला होता. सरहद्दीपलीकडं, वऱ्हाडात, बागी लोकांचे तळ पडले होते. ते रातोरात येत, करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके जाळत आणि परत जात, असं ठाण्यावरचे शिपाई सांगत. आमच्या घरात त्यांना बागी म्हणत, फार तर फसादी. पुढं मी तीस वर्षं परभणीत शाळामास्तरीण होते आणि दर वर्षी मुक्तिसंग्रामाचा धडा शिकवला. त्यात हेच लोक स्वातंत्र्यसैनिक झालेले होते, आणि ते योग्यच होतं, मला त्याबद्दल तक्रार नाही. पण धड्यात 'जुलमी अंमलदार' हे शब्द आले की मला अब्बांचं घामानं पिवळं पडलेलं बनियन आठवायचं आणि खडू हातात तसाच राहायचा. पोरांना वाटायचं, बाई पुढचं विसरल्या.

त्या काळात राज्य करणं म्हणजे काय असतं, हे मी घरात बघितलं. राज्य करणं म्हणजे पाणी प्यायच्या आधी घागरीत वाकून बघणं. अब्बांना कुणीतरी सांगितलं होतं की पलीकडच्या एका ठाण्यावर जेवणात काहीबाही कालवलं गेलं. खरं होतं की नाही देव जाणे, पण त्या दिवसापासून आमच्या घरात बाहेरचं दूध बंद, बाहेरचं लोणचं बंद, शेजारून आलेली पुरणाची वाटी आल्या पावली परत. विहिरीचं पाणी शिपाई काढायचा आणि पहिला घोट त्यानंच घ्यायचा. स्वयंपाकाची बाई आठ दिवसांत "पोरगी आजारी हाय" म्हणून गेली ती गेलीच, तेव्हा अब्बा म्हणाले, "देखा? पता था उसको." काय पता होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. निजामाच्या बाजूनं लढायला उठलेले गणवेशातले नवे स्वयंसेवक गावात फिरत, त्यांचं नाव घरात घ्यायला अब्बांनी बंदी केली होती. त्या लोकांवरही अब्बांचा विश्वास नव्हता. संशयाला औषध नसतं म्हणतात. आमच्या घरात तर रोग हीच नोकरी होती.

सगळ्यात मोठा प्रश्न पिठाचा झाला. गावातली इंजिनाची गिरणी बंद पडली, कारण पलीकडून तेल येणं थांबलं होतं. गावातल्या बायकांना त्याचं काही नव्हतं, त्यांची जाती घरोघर होती. अम्मी मात्र शहरातली. जात्याचा खुंटा कुठल्या हातानं धरतात हे तिला ठाऊक नव्हतं. शेजारपाजारी दळायला देणं तर अब्बांच्या हुकुमानं बंद. मग ज्वारीचं पोतं ठाण्याच्या गाडीतून परभणीला जायचं, शिपायाच्या नजरेसमोर दळलं जायचं आणि महिन्याचं पीठ एकदम यायचं. आठ दिवसांत त्याला कडवट वास सुटायचा. शिळ्या पिठाची भाकरी थापताना फाटते, तव्यावर उलटताना तुटते. अम्मी ते तुकडे ताटात मांडायची आणि आम्ही ते सरकारी काम असल्यासारखे चावायचो.

आमच्या घराला लागून, एकाच भिंतीपलीकडं, गयाबाईचं घर. मी तिला गयामावशी म्हणायची. तिशीतली, उंच, काळीसावळी, हातावर कोपरापर्यंत गोंदलेली. घरात ती आणि तिची बहिरी सासू, दोघीच. नवरा वऱ्हाडात जिनिंगवर कामाला गेलाय, असं ती सांगायची. शाळेत सगळा कारभार उर्दूत. माझी मराठी या भिंतीपलीकडून आली. मला 'सकीना' म्हणणं तिच्या जिभेला जमेना म्हणून तिनं माझं 'सखू' केलं होतं. परसातल्या कमरेएवढ्या भिंतीवरून ती मला हुरडा द्यायची, म्हणायची, "खा लवकर, तुझ्या बापानं बघितलं तर शिपायाला आदी चारंल." मी लपून खायची. ही एक गोष्ट मी अब्बांना कधी सांगितली नाही.

माझं अंथरूण त्या भिंतीला लागून होतं आणि भिंतीच्या पलीकडं बरोबर तिचं जातं होतं. पहाटे कोंबडा आरवला की आधी जात्याची घरघर यायची, मग तिचा आवाज. ज्यांनी दळलं नाही त्यांच्यासाठी सांगते : जात्याच्या तोंडात मूठभर दाणे घालायचे, ते दळून होईपर्यंत एक ओवी म्हणायची, मग दुसरी मूठ. गयामावशीचा हा नेम कधी मोडायचा नाही, एका मुठीला एक ओवी. म्हणजे ओव्या मोजल्या की मुठी मोजल्या, आणि मुठी मोजल्या की त्या घरात किती भाकरी होणार हे कळलं. कुणी शिकवलं नव्हतं, पडल्या पडल्या माझं मलाच सुचलं. दोघींच्या घरात रोज अकरा ओव्या व्हायच्या. सणाला पंधरा. मग जातं थांबायचं आणि मी परत झोपायची.

आमच्या कॉलनीत आता चौकाचौकात कॅमेरे बसवलेत. माझी नात मोबाइलवर बघून सांगते, दूधवाला सहा वाजून दहा मिनिटांनी आला, समोरच्यांकडं कुणीतरी बॅग घेऊन उतरलं. तिला त्यात फार मौज वाटते. मी तिला रागावते आणि ती म्हणते, आजी, तू कशाला एवढी चिडतेस, सेफ्टीसाठी असतं ते. आता हिला काय सांगू, की मी तिच्याएवढी असताना स्वतःच एक कॅमेरा होते, आणि चांगला होते.

त्या हिवाळ्यात, कापूस घरी यायच्या दिवसांत, दोन गोष्टी एकदम बदलल्या. एक, आमच्या घरची भाकरी मऊ झाली. अब्बा एकदा जेवता जेवता म्हणालेसुद्धा, "आज रोटी नरम है." अम्मी म्हणाली, परभणीचा गिरणीवाला बदललाय. दुसरी, भिंतीपलीकडच्या ओव्या वाढल्या. मी पहिल्या दिवशी मोजल्या तेव्हा वाटलं, पाव्हणे आले असतील. दुसऱ्या दिवशीही बत्तीस. तिसऱ्या दिवशीही बत्तीस. घरातून मात्र त्या दोघीच बाहेर पडायच्या, त्याच दोघी आत जायच्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. मऊ भाकरीचा घास माझ्या तोंडात होता आणि मी भिंतीपलीकडच्या पिठाचा शोध लावत होते. ओव्याही मी नुसत्या मोजल्या, ऐकल्या नाहीत. ऐकल्या असत्या तर त्यातली जी एक आजही पाठ आहे तिचा अर्थ तेव्हाच कळला असता :

दळण दळिते, मूठ घालिते जात्याला
कुणी सांगा गं निरोप, वऱ्हाडात गेल्याला.

चौथ्या संध्याकाळी अब्बांनी विचारलं, "नया क्या देखी?" मी म्हणाले, "देखी नाही, सुनी." आणि सांगून टाकलं. अकरा आणि बत्तीस. अब्बांचे डोळे उघडले. त्यांनी खुर्ची पुढं ओढली, "फिरसे बोल," म्हणाले. मी परत सांगितलं, एका मुठीला एक ओवी हेसुद्धा समजावून सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. खारीक दिली नाही, विसरले. आतमध्ये अम्मी तांदूळ निवडत होती. ताट जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. मला वाटलं, मांजर आलं असेल. मी त्या रात्री फार सुखानं झोपले, हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं पाहिजे. मी सुखानं झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी झाल्यावर अब्बा, जमादार आणि चार शिपाई गयामावशीच्या दारात गेले. मी मागोमाग गेले, मला कुणी अडवलं नाही. माझ्याच शोधाची ती तपासणी होती, असं मला वाटत होतं. शिपायांनी कणगीत काठ्या खुपसल्या, चुलीमागची लाकडं उपसली, माळवदावर चढून बघितलं. सासू दाराशी बसून "काय झालं गं, काय झालं" करत होती, तिला कुणी सांगतही नव्हतं आणि सांगून ऐकूही गेलं नसतं. जात्याभोवती पांढरं पीठ सांडलं होतं, त्यात बुटांचे ठसे उठले. सापडलं काहीच नाही.

अब्बा आपल्या मोडक्या मराठीत म्हणाले, "घरमें दोन माणूस. दळण बत्तीस ओव्यांचं. कुणासाठी?"

"मी दळीन न्हाई तर गाईन," गयामावशी म्हणाली. "जवारी माझी, जातं माझं, गळा माझा. सरकारला काय करायचंय त्याचं?"

"दोन बाया बत्तीस मुठी खातात?"

"भूक लागती."

जमादार पुढं आला. त्याला अशा कामांची घाई असायची. "ऐसे नहीं बोलती साब. परभणी ले चलते. वहाँ दो दिन में बोलेगी."

परभणीला नेलेल्या बायका परत आल्यावर महिनोन् महिने दाराबाहेर पडत नाहीत, हे मलासुद्धा माहीत होतं. सासूला ऐकू गेलं नव्हतं, पण जमादारानं गयामावशीचा दंड धरलेला तिला दिसला आणि तिनं जो टाहो फोडला तो ऐकून मी दोन पावलं मागं सरले. गयामावशी रडली नाही. तिनं एकदाच आमच्या घराच्या बाजूला, परसाकडं, बघितलं आणि लगेच मान फिरवली. मला ते दिसलं. मला सगळंच दिसायचं.

आणि मग त्या परसातल्या भिंतीवरून अम्मी आली. माझी अम्मी, जी बुरखा घेतल्याशिवाय अंगणातल्या रांजणापर्यंत जायची नाही, ती साडीचा काष्टा घालावा तसा गरारा खोचून, डोक्यावर नुसती ओढणी, कमरेवर पिठाचा डबा, चार शिपायांच्या समोर भिंत उतरून आली. शिपायांनी माना खाली घातल्या. तिनं डबा अब्बांच्या पायाशी ठेवला आणि झाकण काढलं.

"मेरा आटा है जी," ती म्हणाली. "ज्वार मैं देती, ये पीसती. रोज बारा मुठ्ठी. तुम्हारी नरम रोटी इसी की है."

 ज्या अमिनानं शेजारची पुरणाची वाटी परत पाठवली, तो चार दिवस शेजारच्या जात्यावरचं पीठ खात होता, आणि हे त्याला शिपायांच्या समोर कळत होतं. अब्बांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण ते अब्बा होते. लाज वाटत असतानाही त्यांचं डोकं चालूच होतं. ते सावकाश म्हणाले, "अकरा और बारा तेईस. बत्तीस कैसे हुए?"

अम्मीनं एक क्षणही घेतला नाही. "बच्ची है जी. गिनती में चुकी होगी."

अब्बा माझ्याकडं वळले. "सकीना. चुकी थी क्या?"

मी चुकले नव्हते. आयुष्यात फार गोष्टींत चुकले, मोजण्यात कधी नाही. चार दिवस, बत्तीस म्हणजे बत्तीस. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. जमादारानं अजून दंड सोडला नव्हता आणि गयामावशी माझ्याकडं बघत होती. मला आता कळलं होतं की ती बघतेय आणि तिला माहीत आहे, मोजलं कुणी. अम्मीचा हात माझ्या मानेवर होता आणि ती मागून मला चिमटा काढत होती, असा की आठवडाभर तिथं निळा डाग होता. मी म्हणाले, "हौ अब्बा. चुकी."

मी हे गयामावशीला वाचवायला म्हटलं की चिमट्याला घाबरून, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. लोक म्हातारपणी स्वतःला माफ करतात. मी स्वतःवरचा संशय अजून उठवलेला नाही.

अब्बांनी हातानं खूण केली, जमादारानं दंड सोडला. त्या दिवसानंतर आमच्याकडं परत परभणीचं पीठ आलं आणि परत भाकऱ्या फाटू लागल्या. अब्बा अम्मीशी पंधरा दिवस बोलले नाहीत. मला मात्र त्यांनी शब्दानंही काही म्हटलं नाही, फक्त संध्याकाळचा प्रश्न बंद झाला. ते ओसरीवर बसायचे, पट्टा सैल करायचे आणि समोर बघत राहायचे. मी आजूबाजूला घुटमळायची. खारीक खिशातच राहायची. भिंतीपलीकडं दुसऱ्या दिवसापासून बरोबर अकरा ओव्या. परसातल्या भिंतीवरून हुरडा आला नाही, 'सखू' अशी हाकही नाही. मी एकदा उगीच भिंतीपाशी उभी राहिले, तर ती शेण्या थापत होती, वर बघितलंच नाही.

मग पावसाळा सरता सरता पलीकडून फौज आली आणि चार-पाच दिवसांत सगळं संपलं. दोनशे वर्षांचं राज्य, आणि ठाण्यावरचा झेंडा उतरवायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. अब्बांनी तो स्वतः उतरवला, घडी घातली, बंदुका मोजून दिल्या आणि बाकीच्या अंमलदारांबरोबर ट्रकमध्ये बसून परभणीला गेले. ते सात महिन्यांनी सुटून आले, नोकरी नव्हती, केस पांढरे झाले होते. पुढं वीस वर्षं जगले, पण "नया क्या देखी" हे त्यांनी मला, किंवा कुणालाच, परत विचारलं नाही.

ते गेले त्याच दुपारी गावात हाका सुरू झाल्या. त्या दिवसांत आमच्या लोकांचं गावोगावी काय झालं, ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मी इथं एवढंच लिहिते की बाहेरगावची माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन आली होती आणि ती अमिनाचं घर विचारत होती. अम्मी मला मिठीत घेऊन मागच्या खोलीत बसली होती. तेवढ्यात परसातून आवाज आला, "बीबी, ओ बीबी, बसलात काय? या की इकडं. सखूला आदी द्या." गयामावशी भिंतीपलीकडं दोन्ही हात पसरून उभी होती. ज्या भिंतीवरून अम्मी डबा घेऊन उतरली होती, त्याच भिंतीवरून आम्ही दोघी तिच्या घरात उतरलो. तिनं आम्हाला जात्याच्या खोलीत, कणगीमागं बसवलं आणि स्वतः पुढच्या दारात जाऊन पाय पसरून वाती वळत बसली. थोड्या वेळानं आमच्या घराचं दार मोडल्याचा आवाज भिंतीतून आला. कुणीतरी तिला विचारलं, "अमिनाची बायको कुठं गेली?"

"मला काय इचारता? गेली आसंल परभनीला नवऱ्याच्या मागं," गयामावशी म्हणाली. "माज्या घरात जमादारानं बुटं घालून पीठ तुडवलं व्हतं. मी तिची राखन करू का?"

त्या माणसांना ते पटलं. मलाही क्षणभर पटलं, आणि मी कणगीमागं अम्मीच्या ओढणीत तोंड लपवलं. मला वाटलं, आता ही सांगणार. तिच्या जागी मी असते तर मी सांगितलं असतं, कारण मी सांगितलंच होतं.

तिसऱ्या पहाटे कोंबडा आरवला आणि जातं सुरू झालं. आता ते भिंतीपलीकडं नव्हतं, माझ्या उशाशीच होतं. पीठ नाकात जात होतं. गयामावशीनं पहिली मूठ घातली आणि ओवी धरली. मी सवयीनं मोजू लागले. अकराला ती थांबली नाही. बारा, तेरा, चौदा. घरात आता चौघी होतो. आणि मला एकदम कळलं, आपण काय ऐकतोय ते. बाहेर गल्लीत ती माणसं अजून होती, पारावर झोपत होती. या घरात दोघीच राहतात हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मी अंथरुणातून रांगत गेले आणि खुंट्यावरच्या तिच्या हातावर हात ठेवला.

"मावशी, एवढं नका दळू."

"का गं?"

"ओव्या मोजता येतात."

जातं थांबलं. तिनं माझ्याकडं बघितलं. खिडकीतून नुकतं फटफटत होतं, तिचं तोंड नीट दिसत नव्हतं. मला वाटलं आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही.

"मी चुकले नव्हते," मी म्हणाले. "बत्तीसच होत्या. अब्बांना मीच सांगितलं."

"ठाव हाय," ती म्हणाली. "बत्तीसच व्हत्या. तू लय चोख मोजतीस." आणि ती चक्क हसली, तोंडावर पदर धरून. "अकरा आमच्या, बारा तुमच्या. नऊ माज्या मालकाच्या आन् त्येच्या संगच्या दोगांच्या. कापसाच्या रानात दडून व्हते, वऱ्हाडात जायची वाट बगत. रोज दुपारी शेणाच्या पाटीत भाकरी घालून न्यायची मी. तुझ्या बापानं चूल बगितली, कणगी बगितली, शेणात हात कोन घालतंय?"

 बंड अमिनाच्या घराशेजारून जेवून गेलं होतं. पण माझं मोजणं तिथंच थांबेना, ती खोडच होती. नऊ मुठी ज्वारी रोज. गयामावशीच्या घरात तेव्हा एवढी ज्वारी कुठं होती? त्या सालचं तिचं रान पडीक होतं, हुरडासुद्धा ती दुसऱ्याच्या रानातला आणायची, कणगी तळाला गेलेली मीच तपासणीच्या दिवशी बघितली होती. आणि आमचं परभणीला जाणारं पोतं त्या महिन्यात वेळेआधी संपलं होतं.

"मावशी," मी हळूच विचारलं, "ती नऊ मुठी ज्वारी कुणाची होती?"

गयामावशीनं खुंटा सोडला. ती माझ्या पाठीमागं बघत होती. मी वळले. अम्मी कणगीला टेकून बसली होती, ओढणी डोक्यावर घेतलेली, डोळे टक्क उघडे. ती केव्हापासून जागी होती कोण जाणे. मी सगळ्या गावावर नजर ठेवली होती, लोहारावर, शिंप्यावर, पारावरच्या कोऱ्या टोपीवर. या बाईकडं मी एकदाही नीट बघितलं नव्हतं.

"अम्मी, तुमको मालूम था?"

"इत्ता नक्को पूछ बेटा," अम्मी म्हणाली. "खुंटा पकड़. पीस."

गयामावशीनं खुंट्यावर माझ्यासाठी जागा केली, स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं आणि मूठ घातली. त्या पहाटे आम्ही दोघींनी एकही ओवी न म्हणता दळलं. किती मुठी झाल्या ते मला सांगता येणार नाही, मी मोजल्या नाहीत.